पीएचपीतून मेलबॉक्स उघडताना : ‘टीएलएस’ या शब्दाचा घोळ

बर्डीवरच्या दुकानाला आलेली चौकशी असो की कळमन्याच्या संत्रा व्यापाऱ्याची ऑर्डर, मेल आपोआप वाचून डेटाबेसात टाकायची तर शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट्स) वर्षानुवर्षं एकच सरळ वाट होती : पीएचपी या वेबसाइटच्या भाषेचं मेलबॉक्स उघडणारं आयमॅप एक्स्टेन्शन, म्हणजे जोडभाग, आणि दर काही मिनिटांनी स्क्रिप्ट चालवणारं क्रॉन.

सर्व्हरवरची मेल वाचण्याच्या आयमॅप या पद्धतीचा जन्म १९८६चा, तिच्यासारखीच पॉप दोनेक वर्षं आधीची. मागचं एवढं पुरे. एक्स्टेन्शनचा सगळा भार होता तो अमेरिकेतल्या एका विद्यापीठात लिहिलेल्या सी-क्लायंट लायब्ररीवर. तिची शेवटची आवृत्ती २०११ची. जोडणीची ओळही तिचीच : महिरपी कंसात सर्व्हर, पोर्ट (सर्व्हरवरच्या दाराचा क्रमांक) आणि तिरप्या रेघांनी जोडलेले पर्याय, कंसाबाहेर फोल्डरचं नाव. बहुतेकांचं घोडं या पर्यायांपाशीच अडतं.

जोडणी सुरक्षित करण्याचे, म्हणजे तिच्यावरचा मजकूर एन्क्रिप्ट (कूटबद्ध) करण्याचे, दोन प्रकार आहेत. पहिल्यात पहिल्या बाइटपासून सगळं एन्क्रिप्टेड, त्यासाठी पोर्ट वेगळं : आयमॅपला ९९३, पॉपला ९९५. दुसऱ्यात १४३ किंवा ११०वर उघड्यानेच रामराम होतो आणि मग ‘स्टार्टटीएलएस’ म्हणून दोघं एन्क्रिप्शनवर जातात. सी-क्लायंटच्या ओळीत ‘एसएसएल’ म्हणजे पहिला प्रकार, ‘टीएलएस’ म्हणजे दुसरा. ‘नोटीएलएस’ लिहिलं तर सर्व्हर देत असतानाही घ्यायचं नाही. खरं तर टीएलएस हे एन्क्रिप्शनच्या पद्धतीचं नाव, एसएसएल तिची जुनी पूर्वज; प्रत्यक्षात आज दोन्हीकडे धावतं ते टीएलएसच. एसएसएलची शेवटची आवृत्ती २०१५मध्ये अधिकृतपणे बाद झाली. त्यामुळे ‘नवं तेच बरं’ म्हणून कुणी ९९३ला ‘टीएलएस’ लावतो. सर्व्हर एन्क्रिप्शन ठरवणाऱ्या हँडशेकची वाट बघतो, स्क्रिप्ट साध्या अक्षरांतल्या स्वागताची, आणि वेळमर्यादा संपेपर्यंत दोघंही गप्प. उलट १४३ला ‘एसएसएल’ लावलं तर आवृत्ती क्रमांक चुकल्याची तक्रार लगेच येते. ती निदान कळते तरी. मेल पाठवणाऱ्या पीएचपी-मेलरमध्येही हेच दोन शब्द याच अर्थाने आहेत : ५८७ला ‘टीएलएस’, ४६५ला ‘एसएसएल’.

हा घोळ वाढवला मानकं ठरवणाऱ्यांनी. ४६५ हे पोर्ट १९९७मध्ये एन्क्रिप्टेड एसएमटीपीसाठी (मेल पाठवण्याची पद्धत) नोंदवलं गेलं आणि वर्षभरात नोंद मागे घेतली. पुढे तो क्रमांक भलत्याच सेवेच्या नावावर चढला. १९९९च्या मानकाने ९९३ आणि ९९५लाही नाक मुरडलं. एका सेवेला दोन पोर्ट कशाला, हा युक्तिवाद कागदावर ठीक होता. पण स्टार्टटीएलएसची घोषणा वाटेत कुणी पुसली आणि पर्याय सक्तीचा नसला, तर पासवर्ड उघडा जातो. जानेवारी २०१८मध्ये शिफारस उलटली आणि ९९३, ९९५, ४६५च वापरा असं ठरलं. लोक तोवर तेच वापरत होते.

दुसरी वाईट सवय म्हणजे ‘नोव्हॅलिडेट-सर्ट’, सर्व्हरचं ओळखपत्र न तपासण्याचा पर्याय. शेअर्ड सर्व्हरचं प्रमाणपत्र होस्टच्या नावाचं, ओळीत मात्र ग्राहकाचं डोमेन; मग जोडणी नाकारली जाते. उपाय सोपा : प्रमाणपत्रावरचं यजमान-नाव ओळीत लिहायचं. तपासणीच बंद करणं म्हणजे कुलूप लावून किल्ली दारालाच टांगणं.

२०१८च्या अखेरीस या एक्स्टेन्शनमधलं आणखी एक भोक बुजवलं गेलं. सर्व्हरचं नाव वापरकर्त्याकडून जसंच्या तसं घेतलं, तर त्यातून आरएसएच या दूरच्या संगणकावर आज्ञा चालवणाऱ्या साधनामार्गे स्क्रिप्टच्याच सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवता येत होती. आता ती सोय मुळातच बंद असते.

खरा धक्का त्यानंतरचा. ३० मे २०२२पासून वैयक्तिक जीमेल खात्यांवर स्क्रिप्टला साधा पासवर्ड चालेनासा झाला. दोन-टप्पी पडताळणी सुरू करून १६ अक्षरांचा अ‍ॅप पासवर्ड घ्यावा लागतो. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून कार्यालयांत चालणाऱ्या दुसऱ्या मोठ्या मेलसेवेनेही साधी ओळखतपासणी बंद करायला घेतली. तिथे पासवर्डऐवजी ओऑथ टोकन (मुदतीची परवानगी-खूण) लागतं, आणि जुन्या सी-क्लायंटला ते देता येत नाही. म्हणून शुद्ध पीएचपीत लिहिलेली, थेट सॉकेटवर (नेटवर्क जोडणीवर) आयमॅप बोलणारी लायब्ररी घ्यावी लागते.

नोव्हेंबर २०२४च्या पीएचपी ८.४मध्ये तर आयमॅप एक्स्टेन्शन गाभ्यातून काढून पेकल या एक्स्टेन्शनच्या वेगळ्या भांडारात हलवलं. होस्टने ते वेगळं बसवलं नसेल, तर आवृत्ती बदलल्या दिवशीच क्रॉनच्या लॉगमध्ये फंक्शन सापडत नसल्याची ओळ दिसते.