बारा शब्दांचे वॉलेट: सीमाभागात ते कसे पोहोचले

जुलै 2024 मध्ये देशातल्या एका मोठ्या क्रिप्टो एक्स्चेंजमधून, म्हणजे आभासी नाण्यांच्या खरेदी-विक्रीच्या बाजारातून, सुमारे 23 कोटी डॉलरची, म्हणजे जवळपास 2,000 कोटी रुपयांची नाणी चोरीला गेली. तिथले नाण्यांचे व्यवहार वर्षाहून अधिक काळ बंद राहिले. बेळगावच्या उद्यमबागेपासून निपाणी-चिकोडीपर्यंत या व्यवहारात असलेल्या पोरांमध्ये तेव्हापासून एक सल्ला फिरू लागला: एक्स्चेंजवर काही ठेवू नका, ब्राउझरमध्ये आपले वॉलेट काढा. सल्ला चुकीचा नव्हता. पण वॉलेट, म्हणजे नाण्यांची चावी जपणारे सॉफ्टवेअर, आपले झाले की जोखीमही आपलीच होते, आणि ती कोणत्या निर्णयांतून तयार झाली हे तो सल्ला देणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक होते.

सुरुवातीच्या काळाबद्दल फार बोलण्यासारखे नाही. जानेवारी 2009 मध्ये बिटकॉइन सुरू झाले तेव्हा वॉलेट ही संगणकातली एक फाइल होती. पुढे ते सॉफ्टवेअर आधीच शंभर चाव्यांचा, म्हणजे नाणी खर्च करू देणाऱ्या गुप्त संख्यांचा, साठा बनवून ठेवू लागले आणि तो वापरात संपत आला की नव्या चाव्या तयार करायचे. त्यामुळे वर्षापूर्वी घेतलेला बॅकअप आज अपुरा पडू शकत असे आणि ते कळायचे डिस्क बिघडल्यावरच. वेल्समधल्या न्यूपोर्ट शहरात 2013 साली एक हार्ड डिस्क चुकून कचऱ्यात गेली. तिच्यात सुमारे 8,000 बिटकॉइनची चावी होती. तो कचरा उपसू द्या म्हणून चाललेले प्रकरण पुढे कित्येक वर्षे कोर्टापर्यंत गाजले.

बारा शब्द आले ते या त्रासातून. 2012 साली एकाच मुळापासून हव्या तेवढ्या चाव्या काढण्याची पद्धत ठरली, म्हणजे बॅकअप एकदाच घेतला की पुरे. ते मूळ म्हणजे एक अवाढव्य संख्या, माणसाने हाताने लिहिली तर हमखास चुकणारी. एका वॉलेटने 2011 पासूनच ती शब्दांत मांडायला सुरुवात केली होती. सप्टेंबर 2013 मध्ये त्याच कल्पनेचा वेगळा मसुदा पुढे आला, बीआयपी-39 नावाचा, आणि आज बहुतेक सगळी वॉलेट त्यावर चालतात. 2,048 शब्दांची ठरलेली यादी, त्यातून बारा किंवा चोवीस शब्द. बारा शब्दांमागे 128 बिटांची यादृच्छिक संख्या असते, दशमानात मांडली तर 39 अंकांपर्यंत जाणारी. वर चार बिट पडताळणीसाठी, म्हणजे एखादा शब्द चुकीचा लिहिला तर बहुतेक वेळा सॉफ्टवेअरच्या लक्षात येते. इंग्रजी यादीतल्या प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरे इतरांपेक्षा वेगळी ठेवली आहेत, त्यामुळे पोलादी पट्टीवर चारच अक्षरे ठोकली तरी भागते.

आज हे सगळे इतके अंगवळणी पडले आहे की त्यावर कधी भांडण झाले होते हे कुणाला सांगून पटत नाही. पण भांडण झाले होते. त्या मसुद्याच्या माथ्यावर, अंमलात आणू नये असे सर्व अभिप्राय देणाऱ्यांचे एकमत असल्याचा शेरा कित्येक वर्षे होता. शब्दांची सुरुवात करणाऱ्या त्या जुन्या वॉलेटने तर आपली वेगळी पद्धत शेवटपर्यंत सोडली नाही. आक्षेप अगदी व्यवहारातले होते. एक, पडताळणी करायची तर सॉफ्टवेअरकडे तीच शब्दयादी हवी, म्हणजे यादी कायमची गोठली. दोन, शब्दांमध्ये आवृत्तीची खूण नाही. हे बारा शब्द कोणत्या पद्धतीने उलगडायचे, त्यातून कोणत्या वाटेने चाव्या काढायच्या, याबद्दल ते शब्द स्वतः काहीच सांगत नाहीत.

हा दुसरा आक्षेप पुस्तकी वाटतो, पण लोकांना रडवतो तो हाच. एका वॉलेटमधले शब्द दुसऱ्यात टाकले आणि त्या दुसऱ्याची चाव्या काढण्याची वाट वेगळी असली, तर शिल्लक शून्य दिसते. नाणी कुठे गेलेली नसतात, ती दुसऱ्या पत्त्यावर जागच्या जागी असतात. पण शून्य बघून माणूस घाबरतो, मदतीसाठी इंटरनेटवर शोधतो, तिथे एखादा ‘सपोर्ट’वाला भेटतो आणि शब्द मागतो. खरी चोरी तेव्हा होते.

आक्षेप घेणाऱ्यांनी ज्याकडे पुरेसे बघितले नाही असे मला वाटते ती बाजू निराळीच आहे. शब्द दिसायला निरुपद्रवी असतात. एटीएमचा पिन कुणाला सांगू नये हे आता आपल्याकडे शाळकरी पोरालाही कळते. बारा साधे इंग्रजी शब्द पाहून मात्र कुणाला धोका वाटत नाही. ते कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवावेत, फोटो काढावा, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावेत असेच ते दिसतात. आणि बहुतेक वॉलेट एकाच नमुन्यावर आल्यामुळे चोरालाही एकच सापळा पुरतो: बारा रिकामे चौकोन असलेले एक पान. प्रत्येक वॉलेटची पद्धत वेगळी राहिली असती तर ही सोय चोरांना इतकी स्वस्तात मिळाली नसती. अर्थात मग डिस्क बिघडून बुडालेल्यांची संख्याही वाढली असती. मूठभर प्रोग्रामरांच्या चर्चेत ठरलेल्या गोष्टीवर जगभरातल्या लोकांची पुंजी उभी राहील, असे 2013 साली त्या चर्चेतल्या कुणाला वाटले असेल असे दिसत नाही.

यादी इंग्रजीबरोबरच जपानी, कोरियन, स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन, चिनी अशा काही भाषांत आहे. भारतीय भाषा त्यात एकही नाही. सीमाभागात सरकारी कागद कन्नडमध्ये, घरचे बोलणे मराठीत आणि हे शब्द इंग्रजीत. त्यामुळे अनेक घरांत शब्द उतरवून घेण्याचे काम दुसऱ्या कुणाकडे जाते: भाचा, शेजारचा इंजिनीअरिंगवाला, नाहीतर ऑनलाइन सेंटरमधला पोरगा. “काका, ते बारा शब्द माझ्या व्हॉट्सअ‍ॅपला टाका की, मी जपून ठेवतो,” असे तो म्हणतो आणि बहुतेक वेळा मनापासून म्हणतो. पण त्या क्षणापासून वॉलेटचे मालक दोन झालेले असतात. बँकेच्या लॉकरला दोन चाव्या लागतात, एक आपली, एक बँकेची. इथे चावी एकच आणि तिची नक्कल करायला दोन सेकंद लागतात.

ब्राउझरची गोष्ट थोडी नंतरची. 30 जुलै 2015 रोजी इथेरियम हे नवे क्रिप्टो नेटवर्क सुरू झाले आणि नाणे नुसते पाठवण्या-घेण्यापलीकडे वेबसाइटशी थेट व्यवहार करण्याची गरज निर्माण झाली. त्यानंतर काही वर्षे लोक सर्रास आपली चावी एखाद्या वेबपानावर टाकून व्यवहार करत. एप्रिल 2018 मध्ये अशाच एका लोकप्रिय पानाचा इंटरनेटवरचा पत्ता हल्लेखोरांनी काही तासांसाठी भलतीकडे वळवला आणि दीड लाख डॉलरच्या आसपास इथर, म्हणजे इथेरियमची नाणी, पळवली. पान नेहमीसारखेच दिसत होते. ब्राउझरने प्रमाणपत्राचा इशारा दिला, तो ओलांडून लोक पुढे गेले.

2016 साली आलेल्या मेटामास्कने वाट बदलली. चावी पानाला द्यायची नाही, ती ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामकडे, म्हणजे एक्स्टेन्शनकडे राहते, पासवर्डने कुलूपबंद. पान फक्त विनंती करते, चावीने व्यवहाराला मंजुरी देणारी सही एक्स्टेन्शन करते. आज वॉलेट म्हणून आपण जे वापरतो ते साधारण हेच. यातला पासवर्ड फक्त त्या संगणकापुरता असतो, हे मात्र लोक विसरतात. तो विसरला तर बारा शब्दांनी वॉलेट परत येते. शब्द गेले आणि संगणकही गेला, तर पासवर्ड आठवून उपयोग नाही.

सुरुवातीला त्या एक्स्टेन्शनमुळे उघडलेल्या प्रत्येक पानाला आपला खाते-पत्ता आपोआप दिसत असे. 2018 च्या अखेरीपासून हळूहळू पानाला आधी परवानगी मागावी लागू लागली. ‘कनेक्ट’चे बटण आले ते तेव्हा. त्याच वर्षी जुलैमध्ये ब्राउझरच्या अधिकृत दुकानातून मूळ एक्स्टेन्शनच काही तास चुकीने काढले गेले होते. दुकानातले पहिले नाव खरे असेलच असे नाही, हे तेव्हाच दिसून आले. पुढे सर्च जाहिरातींनी त्याचा धंदा केला. नोव्हेंबर 2021 मध्ये अशा नकली जाहिरातींतून काही दिवसांत पाच लाख डॉलरहून अधिक रक्कम गेल्याचे उघड झाले.

आपल्याकडे ही वॉलेट पसरली त्यामागे तंत्रापेक्षा सरकारी निर्णय जास्त आहेत. मध्यवर्ती बँकेने पहिला इशारा डिसेंबर 2013 मध्ये दिला. पण पुढच्या काही वर्षांत इथे क्रिप्टो आले ते साखळी योजनांच्या रूपाने. पुण्यात गुन्हे नोंदले गेलेल्या एका योजनेने दरमहा 10 टक्के, तेही 18 महिने, असे वचन दिले होते आणि पुणे-कोल्हापूरशी रोजचा संबंध असलेल्या या पट्ट्यात अशा वचनांचा वारा पोहोचायला वेळ लागत नाही. त्यातल्या गुंतवणूकदारांनी चावी कधी पाहिलीच नाही. 6 एप्रिल 2018 च्या परिपत्रकाने बँकांना या व्यवहारातून बाहेर काढले, 4 मार्च 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. तरी काही बँका जुन्याच पत्राचा हवाला देत राहिल्या, म्हणून मे 2021 मध्ये पुन्हा खुलासा करावा लागला.

मग 2022 चा अर्थसंकल्प. नफ्यावर 30 टक्के कर आणि वर उपकर, एका नाण्यातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करता येणार नाही आणि 1 जुलै 2022 पासून विक्रीवर एक टक्का टीडीएस. कर घेणे समजू शकते. पण नफा-तोटा न बघता प्रत्येक उलाढालीतून एक टक्का कापून घेणे म्हणजे छोट्या व्यवहाराला इथून बाहेर ढकलणे होते. बरेच लोक परदेशी एक्स्चेंजकडे गेले. डिसेंबर 2023 मध्ये अशा नऊ एक्स्चेंजना नोटिसा निघाल्या, जानेवारी 2024 मध्ये त्यांची अ‍ॅप बंद झाली. सहा महिन्यांनी देशी एक्स्चेंजवरची ती चोरी. दोन्हीकडची दारे लागल्यावर ब्राउझर वॉलेटकडे वळण्यावाचून काय उरते?

रुपयांचे मात्र तसेच राहिले. वॉलेटमधल्या नाण्यांचे रुपये करायला अनेक जण अनोळखी माणसाशी यूपीआयवर थेट व्यवहार करतात. समोरून आलेले पैसे कुठल्यातरी फसवणुकीतले निघाले की परराज्यातल्या पोलिसांच्या पत्राने इथले खाते गोठते. पगाराचे खाते असेल तर घरखर्च अडतो, आणि शाखेतल्या साहेबांच्या हातात काही नसते. सीमाभागातला पैशाचा व्यवहार माणसांवर चालतो: भिशीचा प्रमुख गल्लीतला, सौहार्द सहकारीचा संचालक ओळखीचा, कर्जाला जामीनदार सख्खा चुलता. वॉलेटच्या व्यवहारात विचारायला जावे असे दारच नाही. फसवणूक झालीच तर 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच फोन करावा आणि जिल्ह्याच्या सीईएन (सायबर, आर्थिक व अमली पदार्थ गुन्ह्यांच्या) ठाण्यात तक्रार द्यावी. बँकेतला पैसा त्यामुळे कधीकधी अडवता येतो. ब्लॉकचेनवर, म्हणजे नाण्यांच्या सामायिक नोंदवहीत, दुसऱ्याच्या पत्त्यावर गेलेले नाणे परत आणणे त्याहून फार अवघड.

या इतिहासातून आजची सावधगिरी आपोआप निघते. एक्स्टेन्शन सर्चमधून न शोधता त्या वॉलेटच्या अधिकृत संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाईप करून तिथल्या दुव्यावरून घ्यावे. त्यासाठी ब्राउझरचे वेगळे प्रोफाइल ठेवावे, त्यात दुसरे कुठलेही एक्स्टेन्शन नको. सेंटरच्या किंवा ऑफिसच्या संगणकावर वॉलेट काढूच नये. शब्द स्वतःच्या हाताने, कागदावर, क्रमाने, दोन प्रती, दोन घरांत. फोटो नाही, क्लाउड नाही. पैसे टाकण्याआधी वॉलेट पुसून त्याच शब्दांनी परत उभे करून पाहावे. ही तालीम लोक टाळतात, आणि कागदावरचा सातवा शब्द वाचता येत नाही हे मग दोन वर्षांनी कळते. पहिली रक्कम शंभर-दोनशे रुपयांची, नाणे कोणत्या ब्लॉकचेन नेटवर्कवर जाते ते तपासून.

सॉफ्टवेअर स्वतः चुकू शकते हेही धरून चालावे. एका नावाजलेल्या वॉलेटच्या एक्स्टेन्शनने नोव्हेंबर 2022 मध्ये काही दिवस तयार केलेल्या चाव्यांमागे 39 अंकी संख्येऐवजी जेमतेम 430 कोटी शक्यता होत्या. संगणकाला त्या मोजायला फार वेळ लागत नाही. वापरणाऱ्याची त्यात काडीची चूक नव्हती. म्हणून मोठी रक्कम चावी संगणकाबाहेर ठेवणाऱ्या वेगळ्या हार्डवेअर उपकरणावर आणि ब्राउझरमध्ये महिन्याच्या वापरापुरती, ही विभागणी बरी.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होते ते परवानग्यांकडे. एखाद्या साइटवर टोकन, म्हणजे अशा नेटवर्कवर चालणारे नाणे, वापरायचे तर आधी तिला ‘अप्रूव्ह’ द्यावे लागते, आणि पुष्कळ साइट अमर्याद रकमेची परवानगी मागतात. व्यवहार झाल्यावरही ती उभी राहते. वॉलेट ‘डिस्कनेक्ट’ केल्याने ती जात नाही, ती वेगळी रद्द करावी लागते आणि त्यासाठी थोडी नेटवर्क फी पडते. शब्द कुणालाही न देता वॉलेट रिकामे होते ते बहुधा या वाटेने. रक्कम हवी तेवढीच टाकावी. सहीच्या खिडकीत काय लिहिले आहे ते कळत नसेल तर सही करू नये.

कराच्या नोंदी आता वापरणाऱ्याच्याच गळ्यात आहेत. वॉलेटमध्ये एक नाणे देऊन दुसरे घेतले तरी कायद्याच्या दृष्टीने ते हस्तांतरणच, आणि विवरणपत्रात आभासी मालमत्तेचा वेगळा तक्ता असतो. एक्स्चेंज निदान वर्षअखेर यादी देते. ब्राउझर वॉलेटचा वापर करणाऱ्याने तारीख, त्या दिवशीचा रुपयातला भाव, व्यवहाराचा क्रमांक आणि फी असे चार रकाने वहीत ठेवले तर जुलैमध्ये सीएकडे जाताना निम्मे काम झालेले असते.