सामुदायिक कलासंस्था आणि हवामान बदल

हौशी नाट्यमंडळ, भजनी मंडळ, दशावतारी कंपनी, तमाशाचा फड, गल्लीतलं गणेश मंडळ अशा लोकांच्या जिवावर चालणाऱ्या कलासंस्था हवामान बदलाच्या बाबतीत काय करू शकतात त्याविषयीची ही नोंद. ढोबळमानाने कामं दोन, स्वतःचं कार्बन उत्सर्जन कमी करायचं आणि हा विषय लोकांच्या डोळ्यांसमोर आणायचा. बहुतेक जण दुसऱ्याकडेच वळतात कारण पथनाट्याचे फोटो चांगले येतात, पहिल्यात मात्र वीजबिलं आणि डिझेलच्या पावत्या काढून बसावं लागतं.

हिशोबाच्या बाबतीत ब्रिटनमधली मंडळी पुढे आहेत. कलासंस्थांना पर्यावरणाच्या कामात मदत करणारी लंडनची ज्युलीज बायसिकल ही संस्था 2007 मध्ये संगीत क्षेत्रातल्या लोकांनीच काढली, आणि 2012 पासून कलांना सरकारी पैसा वाटणाऱ्या आर्ट्स कौन्सिल इंग्लंडने नियमित अनुदान घेणाऱ्या संस्थांना ऊर्जा-पाण्याच्या वापराची माहिती देणं बंधनकारक केलं. पुढे 2021 मध्ये थिएटर ग्रीन बुक ही पर्यावरणाला जपून नाटक करण्याची मार्गदर्शिका आली, तिच्या पहिल्याच पायरीला नाटकातलं निम्मं सामान आधी कुठेतरी वापरलेलं हवं. दशावतारवाल्यांना हे ऐकून हसूच येईल, त्यांचा सगळा संसार पेटाऱ्यात मावतो आणि नेपथ्य म्हणजे एक बाकडं!

आपल्याकडे खरा खर्च जनरेटर, ट्रक आणि प्रेक्षकांच्या गाड्या यांचा. 1 लिटर डिझेल जळलं की साधारण 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो (डिझेलच्याच वजनापेक्षा जास्त कसा, तर ऑक्सिजन हवेतला मिळतो म्हणून). त्यामुळे एलईडी दिवे लावून छोट्या जनरेटरवर भागवणं, जवळजवळच्या गावांचे प्रयोग ओळीने लावणं, शेवटची एसटी चुकणार नाही अशी वेळ ठेवणं, या साध्या गोष्टी बॅनरवरच्या घोषणेपेक्षा जास्त कामाच्या. गणेश मंडळं पीओपी सोडून शाडूकडे वळली की आम्ही हवामान बदलावर काम करतो म्हणतात, पण तो मुख्यतः पाण्याच्या प्रदूषणाचा प्रश्न आहे, महत्त्वाचा आहेच पण वेगळा आहे.

लोकांसमोर विषय मांडायचा तर भाषणबाजीपेक्षा आपल्या गल्लीतली गोष्ट दाखवलेली बरी. याचं फार चांगलं उदाहरण म्हणजे न्यूयॉर्कमधला हायवॉटरलाइन हा उपक्रम. 2007 मध्ये ईव्ह मोशर या कलाकार बाईंनी बेसबॉलच्या मैदानावर रेघा मारायचं खडूच्या भुकटीचं यंत्र घेतलं आणि ब्रुकलिन व मॅनहॅटनच्या किनाऱ्याजवळ, समुद्रसपाटीपासून 10 फूट उंचीवर, फुटपाथ, बागा, दुकानांच्या दारांवरून चालत निळसर रेघ ओढली, सुमारे 70 मैल. लोक थांबून विचारायचे, हे काय चाललंय? मग गप्पा व्हायच्या, पाणी कुठवर येऊ शकतं ते कळायचं. 2012 च्या ऑक्टोबरात सँडी वादळ आलं तेव्हा पाणी बऱ्याच ठिकाणी त्या रेघेपर्यंत आलं, काही ठिकाणी पलीकडेही गेलं. नंतर मायामी आणि ब्रिस्टलमध्ये तिथल्या रहिवाशांनीच अशा रेघा मारल्या. कोल्हापूर, सांगलीत 2019 च्या पुराच्या खुणा भिंतींवर दाखवणारे लोक आहेतच, मंडळांनी त्या रंगवून तिथेच कार्यक्रम करायला हरकत नाही.

तिसरं काम कुणी फारसं मोजत नाही, ते म्हणजे स्वतः टिकून राहणं. तमाशा आणि दशावताराचा हंगाम पावसाळा संपल्यावर सुरू होतो आणि जत्रा उघड्यावर असतात, त्यामुळे चैत्र-वैशाखातला अवकाळी थेट पोटावर येतो. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात 2005 आणि 2021 अशा दोन्ही पुरांचं पाणी शिरलं, म्हणून जुन्या संहिता, पडदे, वाद्यं तळमजल्यावर ठेवूच नयेत, संहितांचे फोटो काढून दोन-तीन जणांकडे ठेवावेत. आणि प्रयोग पावसाने बुडाला तर इसाराचे पैसे परत करायचे की पुढची तारीख द्यायची हे सुपारी ठरतानाच कागदावर लिहून घ्यावं, मग गावकरी आणि फडमालक दोघांचीही डोकेदुखी वाचते.