अपिलात जादा पुरावा : कलम ४२८ पासून ४३२ पर्यंत

शिक्षा झाल्यानंतर अपिलात जादा पुरावा घेण्याची तरतूद आपल्याकडे इंग्रजी अमलापासून आहे. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ती कलम ४२८ मध्ये होती. १९७३ साली तिचे कलम ३९१ झाले आणि १ जुलै २०२४ पासून, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, ४३२. गाभा तोच राहिला: अपील ऐकणाऱ्या न्यायालयाला पुरावा आवश्यक वाटला, तर कारणे नोंदवून तो स्वतः घ्यावा किंवा खालच्या न्यायालयाकडून घेववावा.

या कलमाचा वापर कसा करायचा, हे ठरवणारा एक महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातल्या दारूबंदीच्या खटल्यात लागला. वाहनचालकाच्या रक्ततपासणीचा पुरावा नीट शाबीत झाला नव्हता, म्हणून सत्र न्यायालयाने फेरखटल्याचा आदेश दिला. १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. एवढ्यासाठी सगळा खटला पुन्हा चालवू नका, न्यायासाठी गरज वाटली तर अपिलातच जादा पुरावा घ्या, असे सांगितले. फेरखटल्याचा जाच टळला हे खरे. पण राहून गेलेला पुरावा आणण्याची वाट इथे मोकळी झाली ती सरकार पक्षाला.

आता आरोपी हीच वाट मागतो तेव्हा काय होते ते पाहा. जानेवारी २०२४ मध्ये गुजरातमधल्या चेक न वटल्याच्या प्रकरणात, शिक्षा झालेल्या माणसाने अपिलात मागणी केली की चेकवरची सही हस्ताक्षरतज्ज्ञाकडून तपासून घ्यावी. खालच्या न्यायालयाने ही मागणी आधीच फेटाळली होती आणि त्या आदेशाला त्याने आव्हान दिले नव्हते. बँकेकडून नमुना सहीची प्रमाणित प्रत त्याला मिळवता आली असती, असेही सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. अर्ज नामंजूर झाला. पुरेशी दक्षता घेऊनही पुरावा देता आला नाही, किंवा ती बाब अपील चालू असतानाच उघड झाली, आणि पुरावा न घेतल्यास न्याय नाकारला जाईल, तरच हा अधिकार वापरावा, असे सूत्र या निकालाने मांडले.

त्या प्रकरणापुरता निकाल पटतो. सूत्र मात्र खटकते. दक्षतेची अट दिवाणी संहितेत, ऑर्डर ४१ नियम २७ मध्ये, लिहिलेली आहे. कलम ३९१ मध्ये ती नव्हती. दिवाणी दाव्यात हयगयीची किंमत पैशात किंवा जमिनीत मोजली जाते, फौजदारीत ती तुरुंगातल्या वर्षांत. शिवाय ही हयगय बहुतेक वेळा आरोपीची नसते, वकिलाची असते, आणि कोठडीत बसलेल्या गरीब माणसाला कोणता कागद राहिला हे कळण्याचा मार्गच नसतो.

कायद्याने जिथे स्पष्ट मुभा दिली, तिथे चित्र वेगळे दिसते. गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन असल्याचा दावा अंतिम निकालानंतरही करता येतो. पुण्यात १९९४ मध्ये झालेल्या सात जणांच्या हत्याकांडात फाशी झालेला एक कैदी राजस्थानातल्या शाळेतील जन्मतारखेच्या नोंदीवर २०२३ मध्ये सुटला. नोंदीप्रमाणे गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. तोवर तो २८ वर्षे तुरुंगात होता, आणि फाशी कायम करणारा निकाल व पुनर्विलोकन दोन्ही केव्हाच होऊन गेले होते. त्याच्याकडून तेव्हाच्या दक्षतेचा हिशेब मागितला असता, तर ती नोंद कुणी उघडून पाहिली नसती.

कलम ४३२ मध्ये अशा मुभेचे एकही वाक्य नाही. २०२३ मध्ये संहिता नव्याने लिहिली तेव्हा ते घालता आले असते.