बोडी (पूर्व विदर्भातील पाणथळ)

बोडी : पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात शेतांच्या वरच्या अंगाला मातीची पाळ घालून अडवलेले पावसाचे पाणी आणि त्या पाण्याच्या आधाराने तयार झालेली गोड्या पाण्याची उथळ दलदल. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत आणि नागपूर जिल्ह्याच्या पूर्व भागात बोड्या आढळतात. तलावापेक्षा लहान, शेततळ्यापेक्षा पसरट अशी तिची ठेवण असते. एकाच्या किंवा दोन-चार शेतकऱ्यांच्या बांध्या (पाळ घातलेली धानाची शेते) भिजवणे एवढेच तिचे ठरलेले काम. ती पाणथळ की सिंचनाचे साधन, हा प्रश्न गावात कुणाला पडत नाही. सरकारी कागदावर मात्र तो पडतो आणि त्याचे उत्तर बोडीच्या बाजूने लागत नाही.

या टापूला झाडीपट्टी म्हणतात. पश्चिम विदर्भातली काळी, भेगाळणारी कपाशीची जमीन इथे नाही. खाली जुना कठीण स्फटिकी खडक आणि वर सिहार, मोरांड, खरडी अशा स्थानिक नावांनी ओळखली जाणारी पातळ, बरीचशी पिवळसर माती. वर्षाला साधारण १,२०० ते १,५०० मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो चार महिन्यांत, आणि पडला की उतारावरून निघून जातो. जमिनीच्या पोटात फारसे मुरत नाही. सप्टेंबरच्या अखेरीस पावसाने पाठ फिरवली की हलका (लवकर पिकणारा) धान कसाबसा हाती लागतो. भारी (उशिरा पिकणारा) धान मात्र नेमका तेव्हा निसवत असतो आणि त्याला शेवटचे एक पाणी हवे असते. त्या एका पाण्यासाठी बोडी बांधलेली असते. बोडीवाल्याच्या धानाचे लोंबे भरतात आणि धुऱ्यापलीकडच्या (शेताच्या बांधापलीकडच्या) शेजाऱ्याचा धान पोचट राहतो, हे ऑक्टोबरमध्ये या भागात फिरताना डोळ्यांनी दिसते.

रचना : बोडी खोदत नाहीत, बांधतात. उताराच्या खालच्या बाजूला आणि दोन्ही कडांना पाळ, वरची बाजू मोकळी. या मोकळ्या बाजूने येवा येतो, म्हणजे वरच्या माळावरचे, झुडपी जंगलातले पाणी वाहत येऊन साचते. त्यामुळे खालच्या पाळीजवळ छातीभर पाणी आणि वर सरकत गेले की कमरेएवढे, गुडघ्याएवढे, शेवटी नुसता पाऊल रुतेल असा चिखल, असा सलग उतार मिळतो. जादा पाणी पाळीच्या एका टोकाच्या सांडीवरून खालच्या बांधीत उतरते, तिथून पुढच्या बोडीत किंवा गावतलावात जाते. पाळीवर शिंदी, बाभूळ, करंज, धुऱ्यांवर तूर. पूर्वी पाळ कापून पाणी सोडत आणि काम झाले की ती चिखलाने पुन्हा बुजवत. आता बहुतेक ठिकाणी इंजिन किंवा मोटारपंप लागतो.

बोडीतला सगळा जीव त्या उथळ वरच्या अंगात असतो. खोल पाण्यात तळापर्यंत ऊन पोचत नाही, तळाला गवत धरत नाही. गुडघाभर पाण्यात मात्र तळही तापतो, वनस्पती मुळे धरतात, त्यांच्या देठांवर शेवाळ चढते, शेवाळावर किडे आणि किड्यांवर मासोळी जगते. शेतकऱ्याला खालची छातीभर बाजू महत्त्वाची आणि बाकी सगळ्यांना वरची, असा हा व्यवहार आहे.

वर्षाचा फेरा : मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात कोरडी बोडी एका रात्रीत बेडकांच्या आवाजाने भरते. सांडीवरून पाणी वाहू लागले की चढणीचे मासे त्या धारेच्या उलट वर येतात, आणि कंदील किंवा बॅटरी घेऊन निम्मे गाव तिथे जमते. बांबूच्या कामट्यांचा सापळा धारेत तोंड उलटे करून लावतात. सकाळी त्यात झिंगे, वाम, एखादी मरळ अडकलेली असते. पुढे पऱ्हे (धानाची रोपे) तयार होतात, रोवणीला (लावणीला) जोर चढतो आणि बोडीकडे पाहायला कुणाला सवड नसते. त्या दीड महिन्यात तिथे पाणवनस्पती वाढतात. पाण्याखाली हायड्रिला आणि पट्टीसारख्या लांब पानांचे व्हॅलिसनेरिया, वर तरंगणारी कुमुदिनी, काही बोड्यांत कमळ, कडेला लव्हाळे, पाणकणीस आणि देवधान.

देवधान म्हणजे रानधान, पेरलेल्या धानाचा जंगली भाऊबंद. त्याच्या दाण्याला लांब कुसळ असते आणि पिकला की दाणा लगेच पाण्यात गळतो, म्हणून तो सवंगून घरी आणणे जिकिरीचे. तरीही लोक तो वेचतात, कारण बैलाच्या कष्टाचे खायचे नाही या ऋषिपंचमीच्या नेमात तो बसतो. बांधीत शिरला तर हाच देवधान तण ठरतो. कुसळ दिसेपर्यंत रोवलेल्या धानात तो ओळखू येत नाही आणि ओळखू येतो तेव्हा निंदणीची वेळ गेलेली असते.

पोळ्याला बैल बोडीतच धुतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी भुजल्या (टोपलीत उगवलेले गव्हाचे कोवळे अंकुर) तिथेच शिरवतात, म्हणजे विसर्जित करतात. शिंगाडा लावलेला असेल तर दिवाळीच्या आसपास तोडणी सुरू होते. ढिवर या मासेमार समाजाची कुटुंबे कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून वेल उलटवतात, खालची फळे खुडतात, आणि उकडून काळा पडलेला शिंगाडा टोपलीतून बाजारात आणि बसथांब्यांवर येतो. धान कापणीच्या आधी ओलसर बांधीत लाखोळी (एक कडधान्य) फेकून पेरायची, म्हणजे वेगळ्या नांगरणीवाचून दुसरे पीक निघते, ही रीतही बोडीखालच्या ओलीवरच चालते. (लाखोळीच्या विक्रीवर कैक वर्षे बंदी होती, झाडीपट्टीच्या ताटातून ती कधी गेली नाही.)

हिवाळ्यात पक्षी उतरतात. अडई, टिबुकली, ढोकरी, जांभळी पाणकोंबडी ही नेहमीची मंडळी. काळ्या अंगाचा आणि कपाळावर पांढरा टिळा असलेला वारकरी थव्याने येतो. हे नाव त्याला ज्याने दिले त्याची नजर पक्की होती. कमळपक्षी लांबलचक बोटांमुळे तरंगत्या पानांवरून बुडल्याशिवाय चालतो. त्याची मादी अंडी घालून दुसऱ्या नराकडे निघून जाते आणि उबवणे, पिलांना वाढवणे हे सगळे नराच्या वाट्याला येते.

मार्च-एप्रिलमध्ये पाणी एका डबक्यावर येते. तेव्हा चिखलात पाय दाबत, हाताने चाचपत मासे धरण्याचे दिवस येतात, आणि यात बायका व मुले पुरुषांपेक्षा सरस ठरतात. मरळ आणि मांगूर यांना कल्ल्यांखेरीज हवेतला श्वास घेण्याची सोय असते, म्हणून पाणी संपले तरी ओल्या चिखलात ते तग धरतात. पाऊस आला की तिथूनच पुन्हा सुरुवात. बाहेरून आणून सोडलेल्या रोहू, कटला, मृगळ या माशांना हे जमत नाही. मे महिन्यात तळ तडकतो. मग बैलबंड्या आत उतरतात आणि गाळ शेतात जातो. तो गाळ खताइतका चांगला असतो आणि तो काढल्याने बोडीची खोलीही राखली जाते. एका फावड्याच्या खोलीपेक्षा अधिक कुणी खणत नसे, कारण त्याखाली खत नव्हते.

सारस : बोडी आणि बांधी मिळून जे घर होते, त्याचा सर्वांत मोठा रहिवासी सारस क्रौंच. उडणाऱ्या पक्ष्यांत हा जगात सर्वांत उंच, जवळपास सहा फुटांपर्यंत भरतो. महाराष्ट्रात तो आज गोंदिया, भंडारा आणि अगदी तुरळक चंद्रपूर जिल्ह्यात उरला आहे. वैनगंगा आणि बाघ नद्यांच्या खोऱ्यातला धानाचा टापू हे त्याचे मुख्य ठिकाण, पलीकडे मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्हा. गोंदियाची ‘सेवा’ ही संस्था आणि वनविभाग मिळून दरवर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस त्याची गणना करतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सारसाच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली.

पावसाळ्यात सारसाची जोडी बोडीच्या उथळ कडेला किंवा थेट उभ्या धानात गवत, लव्हाळे आणि धानाची रोपे उपटून मोठा ढीग रचते आणि त्यावर बहुधा दोन अंडी घालते. उबवायला महिनाभर लागतो, नर-मादी आळीपाळीने बसतात. शेतकऱ्याचे नुकसान म्हणावे तर खाटेएवढ्या जागेतला धान. तो सोसणारे शेतकरी बरेच आहेत; कुत्री, अंडी चोरणारे, विजेच्या तारा आणि फवारणी यांना मात्र कुणाची भीड नाही. एकदा जोडी जमली की ती वर्षानुवर्षे त्याच परिसरात राहते, म्हणून एखादी बोडी मोडली की त्या जोडीने दुसरीकडे जावे असा सोपा हिशेब इथे लागू पडत नाही.

इतिहास : बोडी ही तलावांच्या मोठ्या परंपरेतली धाकटी पाती आहे. चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या) गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन देण्याची रीत ठेवली. अशा देणगीला तुकूम म्हणत. चंद्रपूर शहरातल्या एका वस्तीच्या नावात तो शब्द अजून आहे. या कामात कोहळी समाजाचा हातखंडा होता. धान आणि ऊस ही त्यांची पिके, आणि दोन्हींना पाणी लागते. गोंदिया जिल्ह्यातला नवेगाव बांध अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचे सांगतात. सिरेगाव बांध, शिवनी बांध ही गावांची नावेही तलावांवरूनच पडली. मराठे आणि पुढे इंग्रज यांच्या काळात गावाचा सारा वसूल करणारे मालगुजार तलावांचे धनी झाले, आणि ‘मालगुजारी तलाव’ हे नाव रूढ झाले. पूर्व विदर्भात त्यांची संख्या सहा हजारांहून अधिक भरते. माजी मालगुजारी या शब्दांचे लघुरूप करून सरकारी कारभारात त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि हे तलाव सरकारजमा झाले. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता. निस्तारपत्रकांत (सामाईक वापराच्या हक्कांच्या सरकारी नोंदींत) गावकऱ्यांचे पाण्यावरचे, माशांवरचे, गवतावरचे हक्क नोंदले गेले, पण पाळ कुणी दुरुस्त करायची, गाळ कुणी काढायचा, या जुन्या बिनकागदी नेमांना धनी उरला नाही. बोड्यांचे तसे झाले नाही. त्या बहुधा शेतकऱ्याच्या स्वतःच्या सातबाऱ्यात होत्या, त्यामुळे टिकल्याही त्याच कारणाने आणि मोडल्याही त्याच कारणाने. भावाभावांत वाटणी झाली की एकाला बोडी आणि दुसऱ्याला तिच्याखालच्या बांध्या येतात. बोडीवाला विचार करतो की गाळाची ही कसदार जमीन पाण्याखाली कशाला ठेवायची. मग पाळ फुटते आणि पुढच्या वर्षी तिथे रोवणी होते.

कायद्यातील स्थान : पाणथळ (संवर्धन व व्यवस्थापन) नियम, २०१७ यांत धानशेती आणि खास सिंचनासाठी बांधलेले जलसाठे पाणथळीच्या व्याख्येतून वगळले आहेत. म्हणजे बोडीही गेली आणि तिच्याखालची बांधीही गेली; सारस नेमका या दोहोंतच घरटे करतो. शिवाय उपग्रहचित्रांवरून केलेल्या राष्ट्रीय पाणथळ नकाशासंग्रहात २.२५ हेक्टरपेक्षा मोठ्या पाणथळींचीच आखणी केली आहे, त्याहून लहान ती नुसती ठिपक्याने दाखवली आहे. पाच-साडेपाच एकरांची बोडी झाडीपट्टीत मोठी समजली जाते. बहुतेक बोड्या ठिपकेच आहेत.

बदल : बोडीचे सर्वांत मोठे नुकसान तिच्या भल्यासाठी केलेल्या कामाने होते, हे लिहायला अवघड जाते पण खरे आहे. गेल्या दशकभरात जलयुक्त शिवार, ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ अशा योजनांत खोलीकरणाची कामे झाली. पाणी वाढले, ते उशिरापर्यंत टिकले, शेतकऱ्याचा फायदा झाला. पण यंत्राने खणलेल्या बोडीच्या कडा उभ्या होतात आणि वरचा उथळ उतार नाहीसा होतो. घनमीटर मोजणाऱ्या देयकात त्या उताराला रकाना नसतो. काठावरून थेट डोक्याएवढ्या पाण्यात पडणाऱ्या अशा बोडीत देवधान उगवत नाही, ढोकरीला उभे राहायला जागा मिळत नाही आणि गुरांनाही पाण्याला उतरता येत नाही.

दुसरी अडचण बेशरमीची. ही मूळची दक्षिण अमेरिकेतली, जांभळट गुलाबी फुलांची झुडपी वेल. कुंपणासाठी चांगली म्हणून पसरली. विषारी असल्याने गुरे तिला तोंड लावत नाहीत, तोडलेला तुकडा चिखलात पडला तरी फुटतो, पाण्यात बुडूनही मरत नाही. हे नाव का ठेवले ते समजायला फार विचार करावा लागत नाही. बोडीच्या उथळ अंगावर ती एकदा चढली की खाली ऊन पोचत नाही आणि माशांना अंडी घालायला पाणवनस्पती उरत नाहीत.

गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांतल्या काही गावांत ढिवर समाजातल्या बायकांनी यावर काम उभे केले आहे, तेही मुख्यतः तलावांत. उन्हाळ्यात बेशरम मुळासकट खणून काढायची, तळाचा एक पट्टा नांगरायचा आणि पावसाच्या तोंडावर दुसऱ्या चांगल्या तलावातून आणलेल्या देशी पाणवनस्पती तिथे हाताने रोवायच्या, अगदी धानाचे पऱ्हे रोवतात तशा. कोणती वनस्पती किती पाण्यात लावायची हे त्यांना पूर्वीपासून ठाऊक असते, कारण कोणता मासा कुठल्या गवतात अंडी घालतो हे त्यांच्या रोजच्या पोटापाण्याचे ज्ञान आहे. सगळा तलाव लावावा लागत नाही. उथळ कडेचा एक तुकडा जगला की पुढल्या पावसात तो पाण्यासोबत आपोआप पसरतो.