पॅड तापलेत की ऑइल उकळलंय?

"ब्रेक कमी लागायलेत" म्हणून गाडी गॅरेजला नेली की परभणी असो, लातूर असो की जालना, उत्तर बहुधा ठरलेलं असतं: "नवे पॅड टाकून देऊ." घाटात गाडी थांबेना झाली की त्यालाही सगळ्यांकडे एकच नाव, ब्रेक फेल. मग लग्नाच्या मांडवात चर्चा, की पॅड हलके होते, ओरिजिनल टाकायला पाहिजे होते. ब्रेक ऑइलचं नावही कुणी काढत नाही. ऐकून ऐकून कान किटले, म्हणून एकदा सगळं लिहूनच काढतो.

पॅड म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्हीकडून आवळणाऱ्या पट्ट्या. त्यांचं तुम्हाला माहीत आहे, तेव्हा भरभर सांगतो. नव्या पॅडचा घासणारा थर साधारण १० मिलिमीटर असतो, तो ३ वर आला की बदलायचा. बऱ्याच पॅडना पत्र्याची छोटी जीभ असते. थर संपत आला की ती डिस्कला लागून चीं करते. खर्रखर्र आवाज येऊ लागला तर लोखंड लोखंडाला घासतंय, डिस्कचाही खर्च धरा. पावसात उभ्या राहिलेल्या गाडीचे पहिले दोन-चार ब्रेक घरघरतात तो डिस्कवरचा गंज. तो आपोआप जातो, त्यासाठी पॅडला पॉलिश पेपर मारून पैसे मागणाऱ्याला नमस्कार करावा आणि निघावं. मागे ड्रम असतील तर लाइनर उघडून धूळ काढून घ्या, आपल्याकडे ती भरपूर साठते. गाडी एका बाजूला ओढते किंवा ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरतं, ते कॅलिपरचं (ऑइलच्या दाबाने पिस्टन ढकलून पॅड आवळणारा चिमटा) नाहीतर डिस्कचं काम. कचकन ब्रेक मारल्यावर पेडल पायाखाली कटकटतं तो एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा. तो बिघाड नाही, पाय उचलू नका. पॅडचं एवढं पुरे.

आता ऑइल. बहुतेक गाड्यांतलं ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं असतं आणि ग्लायकॉल हवेतलं बाष्प ओढून घेतं. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणातून, रबरी होजमधून ते हळूहळू आत मुरत राहतं. "मराठवाडा कोरडा, इथं कुठलं आलंय बाष्प" असं मला छातीठोकपणे सांगणारे भेटलेत. जून ते सप्टेंबर हे लोक कुठे राहतात कोण जाणे.

पाणी मुरल्याचा परिणाम आकड्यांत बघा. डॉट ३, डॉट ४ या ब्रेक ऑइलच्या प्रती. डॉट ३ नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात ३.७ टक्के पाणी गेलं की ही हमी १४० वर येते. डॉट ४ ची २३० वरून १५५ वर. आपल्या मे महिन्यातले ४२-४३ अंश त्यापुढे किरकोळच. खरी उष्णता ब्रेकची असते. उतारावर पाय सतत पेडलवर राहिला की डिस्क दोन-तीनशे अंशांवर सहज जाते. ती धग पॅडमधून पिस्टनला आणि पिस्टनमधून ऑइलला लागते.

सगळा घोळ होतो तो इथे. समजा कन्नडचा घाट चाळीसगावच्या बाजूला उतरताय. गाडीत पाच माणसं, डिकी गच्च, गिअर चौथा आणि पाय ब्रेकवर. अर्ध्या घाटात गाडी थांबेना. आता एकच प्रश्न विचारायचा: पेडल कसं लागलं?

पेडल नेहमीसारखं घट्ट, नेहमीच्याच जागी, तुम्ही जीव खाऊन दाबताय आणि गाडी मात्र पुढे सरकतेच आहे, सोबत जळका वास, तर पॅड तापलेत. पायाचा जोर चाकापर्यंत नीट पोचतोय, पण पॅडची पकड गेली आहे. इथे पेडल धपाधप मारून काही मिळत नाही, उलट उष्णता वाढते.

पेडल मऊ लागलं, फुगा दाबल्यासारखं खाली जात राहिलं, तर ऑइल उकळलंय. द्रव दाबून आकसत नाही, म्हणून पायाचा जोर कॅलिपरपर्यंत जातो. वाफ आकसते. तुमचा सगळा जोर ती वाफ दाबण्यात जातो आणि पॅड डिस्कला जेमतेम टेकतात. इथे भराभर पंपिंग केल्याने थोडा ब्रेक परत मिळतो, कारण दर वेळी थोडं जास्त ऑइल पुढे ढकललं जातं. आणि केबलवर चालणाऱ्या हँडब्रेकचा ऑइलशी काही संबंध नसतो. तो हळूहळू, बटण दाबून धरून ओढला तर हाताशी राहतो.

दोन्हींचं मूळ उष्णताच, आणि गार झाल्यावर दोन्ही आपोआप बरे होतात, म्हणून तर गोंधळ होतो. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये पेडल झकास लागतं, मिस्तरीला काहीच सापडत नाही, मग हात रिकामा कसा ठेवायचा म्हणून नवे पॅड पडतात. ऑइल पाच वर्षांपूर्वीचं तेच. पुढच्या घाटात पुन्हा तीच गत, आणि शिव्या नव्या पॅडना.

ऑइलची आणखी एक खोड. घाटात सगळं ठीक असतं, खाली उतरून तुम्ही चहाला थांबता. गाडी उभी राहिली की डिस्कला वारा लागायचा बंद होतो आणि साठलेली धग निवांत कॅलिपरमध्ये उतरते. दहा मिनिटांनी निघताना पेडल पहिल्याच दाबात खाली. म्हणून घाटानंतर थांबलात तर गाडी हलवायच्या आधी पेडल एकदा दाबून बघा. आणि तापलेल्या चाकावर पाण्याची बाटली ओतणाऱ्यांना हात जोडून विनंती, ते करू नका. डिस्क वाकडी होते, तडकूही शकते.

तिसरा एक प्रकार या दोन्हींत मिसळला जातो. पेडल दगडासारखं कडक होतं आणि दाबलंच जात नाही. तो बूस्टरचा विषय. पायाला मदत करणारा बूस्टर बहुतेक गाड्यांत इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो. "डिझेल वाचतं" म्हणून उतारावर इंजिन बंद करणारे महाभाग अजून आहेत. दोन-तीन दाबांत व्हॅक्यूम संपतो आणि मग नुसत्या पायाच्या ताकदीवर भरलेली गाडी थांबवायची. न्यूट्रलवाले त्यांचेच चुलत भाऊ. आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये उतरताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की इंधन बहुधा आपोआप तुटतं, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतंच. म्हणजे वाचत काही नाही, वर इंजिनाचा ब्रेक गेला.

धारूरचा असो, मांजरसुंब्याचा असो, ज्या गिअरवर तो घाट चढला असता त्याच गिअरवर उतरायचा. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअलवर किंवा एल (लो गिअर) वर टाका. वेग वाढला की ठाम ब्रेक मारून कमी करायचा आणि पाय पूर्ण काढायचा. पेडलवर नुसता ठेवलेला पाय पॅडही तापवतो आणि ऑइलही. मध्येच वास आला तर बाजूला घ्या, गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा. आणि निघताना तो दगड उचलून कडेला टाका हो, मागून अंधारात मोटारसायकलवाला येत असतो.

टाकीतल्या पातळीचाही असाच गैरसमज. पॅड झिजतात तसा कॅलिपरचा पिस्टन बाहेर येतो, त्यामागची जागा ऑइल भरतं आणि टाकीतली पातळी उतरते. यात बिघाड काही नाही. पण सर्व्हिसिंगला टॉप-अप मारून देतात, नवे पॅड टाकताना पिस्टन आत ढकलला की तेच ऑइल झाकणातून सांडतं आणि खालचा रंग खातं. पॅड चांगले असूनही पातळी खाली जात असेल तर गळती आहे, चाकांची आतली बाजू ओली आहे का बघा. बऱ्याच गाड्यांत क्लचही त्याच टाकीवर असतो, तोही तपासा. आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा हँडब्रेक सोडल्यावरही जात नसेल तर लिव्हर पुन्हा पुन्हा खाली ढकलू नका. पुष्कळ गाड्यांत ऑइल कमी झाल्याची सूचनाही तोच दिवा देतो.

घरच्या घरी तपासायचं असेल तर गाडी सपाट जागी, इंजिन बंद. पेडल पाच-सहा वेळा दाबून कडक करा, तसंच दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टर ठीक. तसंच अर्धा मिनिट धरून ठेवा. हळूहळू बसत गेलं तर मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ऑइल ढकलणारा पंप) आतून सोडतोय किंवा कुठेतरी गळतंय. ही गाडी घाटात नेऊ नका.

ऑइल साधारण दोन वर्षांनी पूर्ण बदलायचं, किलोमीटर किती का झालेले असोत. घरासमोर उभ्या गाडीतही बाष्प मुरतंच. टाकीतलं उपसून वरून नवं ओतणं म्हणजे बदलणं नव्हे, कारण पाणी मुरलेलं जुनं ऑइल कॅलिपरमध्येच राहतं. चारही चाकांचे निपल (ऑइल बाहेर काढायचे छोटे स्क्रू) उघडून नवं, मधाळ पिवळं ऑइल येईपर्यंत काढावं लागतं. एबीएसच्या काही गाड्यांना त्यासाठी स्कॅनरही जोडावा लागतो. डबा सीलबंद, समोर फोडलेला. कपाटात अर्धा उरलेला डबा नको, तो आधीच बाष्प पिऊन बसलेला असतो. डॉटचा नंबर टाकीच्या झाकणावर लिहिलेला असतो, तोच घ्या. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात चालत नाही. इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं तेल चुकून पडलं तर रबरी सील फुगतात आणि सगळी सिस्टीम उघडावी लागते. बिलावर "ब्रेक ऑइल टॉप-अप" असेल तर काम झालेलं नाही, गाडी तिथेच उभी करा आणि निपल उघडायला लावा.