परदेशातला ‘ग्राहक विश्वास’ आणि आपला मोंढा
आमच्या व्यापारी ग्राहकांसाठी माहितीपत्रक, लातूर

ट्रॅक्टर विक्रेते, सराफ, पतसंस्था, कृषी सेवा केंद्रं, सगळेच हल्ली विचारतात: “अमुक देशात ग्राहकांचा विश्वास घसरला म्हणतात. मग आम्ही माल भरायचा की हात आखडता घ्यायचा?” त्यासाठी हा आकडा कसा निघतो ते आधी बघू.

लोकांना विचारतात: वर्षभरापूर्वीच्या मानानं परिस्थिती सुधारली, तशीच आहे की बिघडली? पुढच्या वर्षी काय होईल? समजा, शंभरात ३० जण ‘सुधारली’ म्हणाले, ५० जण ‘बिघडली’. फरक उणे २०. रिझर्व्ह बँक हा फरक १०० मध्ये मिळवते आणि ८० सांगते. ब्रिटनमध्ये उणे २० असंच छापतात. अमेरिकेतलं मिशिगन विद्यापीठ १९४६ पासून अशी पाहणी करतं. त्यांच्याकडे १९६६ ची पातळी १०० धरलेली आहे.

आता खरे आकडे घ्या. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, मे २०२१ मध्ये, रिझर्व्ह बँकेचा चालू परिस्थितीचा निर्देशांक ४८.५ वर आला. जून २०२२ मध्ये मिशिगनचा ५०. सप्टेंबर २०२२ मध्ये ब्रिटनचा उणे ४९. वाचणाऱ्याला वाटेल, ब्रिटनची दैना सगळ्यात मोठी. पण आपला ४८.५ ब्रिटनच्या पट्टीवर मांडला तर उणे ५१.५ होतो! मिशिगनचा ५० तर या दोन्हींच्या पंक्तीला बसतच नाही. विश्वास घसरण्याची कारणंही निराळी. आपल्याकडे रोजगार बुडाला होता. अमेरिकेत बेरोजगारी चार टक्क्यांच्याही खाली होती, पण महागाईनं लोक हैराण होते. म्हणून प्रत्येक देशाचा आकडा त्याच्याच मागच्या आकड्यांशी ताडून बघावा.

लोकांच्या काळज्यांची पाहणी वेगळी असते. इप्सॉस ही कंपनी दरमहा सुमारे तीस देशांत महागाई, गुन्हेगारी, बेरोजगारी, भ्रष्टाचार अशा तयार यादीतून निवड करायला सांगते. भारतातून त्यांना उत्तरं देणारे जास्त करून शहरी आणि शिकलेले असतात. यादीत जे नाही, ते निकालात येणार कुठून? २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं पाण्याचा प्रश्न न विचारता केलेली पाहणी आम्हाला तरी अपुरी वाटते. आम्ही इथं जी पाहणी करतो, तिच्या यादीत पाणी पहिल्या पानावर असतं.

रिझर्व्ह बँकेच्या शहरी पाहणीत १९ मोठी शहरं आहेत. महाराष्ट्रातून मुंबई आणि नागपूर. मराठवाड्यातलं एकही नाही. इथला खर्च सोयाबीनचा भाव आणि उसाचं बिल यांवर हलतो. मृगात विचारलं तर माणूस बी-खताच्या उधारीत असतो, दिवाळीत विचारलं तर रास घरात आलेली असते. या दोन उत्तरांची तुलना करून तेजी-मंदी ठरवणं चूक आहे. आम्ही यंदाचा ऑक्टोबर गेल्या ऑक्टोबरशीच लावतो.

विचारण्यातही मेख आहे. दारात वही घेऊन उभं राहिलं की पहिला सवाल येतो, “अनुदानाचं हाय का?” तसा समज राहिला की उत्तरं हटकून रडकी येतात. पारावर चारचौघांत विचारलं तर तोच माणूस “बरं चाललंय” म्हणतो. म्हणून आमची मुलं आधी हेतू सांगतात, घरात बसून बोलतात आणि थेट विचारतात: येत्या सहा महिन्यांत गाडी, सोनं, बोअर, लग्न, यातलं काय काढलंय? पैसा घरचा की कर्जाचा? घरातल्या बाईला वेगळं विचारतात. किराण्याचा हिशेब तिच्याकडे पक्का असतो.

पुढची फेरी दसऱ्यानंतर. आपल्या धंद्याचा एखादा प्रश्न त्यात घालायचा असेल तर पोळ्यापर्यंत कळवा.