लंडनच्या गाळातली उधारखाती

व्हेनुस्टसच्या गुलामीतून मुक्त झालेला टिबुलस हा स्पुरियसच्या गुलामीतून मुक्त झालेल्या ग्राटसला १०५ देनारी (देनारियस या रोमन चांदीच्या नाण्याचे अनेकवचन) देणे लागतो. माल विकला, तो पोचला, त्याचेच हे पैसे. लाकडाच्या एका पाटीवर एवढाच मजकूर आणि सोबत तारीख : इसवी सन ५७, ८ जानेवारी. ब्रिटनमध्ये सापडलेल्या, नेमकी तारीख असलेल्या हस्तलिखित दस्तऐवजांत हा सर्वांत जुना. रोमनांनी या बेटावर स्वारी केली ४३ साली. म्हणजे पुढच्या १४ वर्षांत लंडिनियममध्ये, आजच्या लंडनमध्ये, दोन माजी गुलाम लेखी उधारीवर व्यापार करू लागले होते. रक्कमही किरकोळ नव्हे. लीजन म्हणजे रोमन सैन्याच्या मुख्य पलटणीतल्या साध्या शिपायाचा वर्षाचा पगार तेव्हा २२५ देनारी होता.

रोमन तारीख वाचताना गफलत होऊ शकते. पाटीवर '८ जानेवारी' असे लिहिलेले नाही. 'जानेवारीच्या इड्सच्या आधीचा सहावा दिवस' असे आहे. इड्स हा रोमन महिन्याच्या मध्याचा ठरलेला दिवस; जानेवारीचा इड्स म्हणजे १३ तारीख. सरळ वजाबाकी केली तर ७ येते आणि तिथेच चुकते, कारण रोमन माणूस सुरुवातीचा आणि शेवटचा असे दोन्ही दिवस मोजतो. वर्ष ठरते ते त्या वर्षीच्या दोन कॉन्सलांच्या, म्हणजे रोममधल्या सर्वोच्च अधिकाऱ्यांच्या, नावांवरून. इथे ती नावे आहेत सम्राट नीरो, दुसऱ्यांदा कॉन्सल, आणि लुसियस काल्पुर्नियस पिसो.

हा मजकूर लाकडी मेणपाटीवर आहे. अशा ४०५ पाट्या २०१० ते २०१४ दरम्यान म्युझियम ऑफ लंडन आर्किऑलॉजी या संस्थेच्या उत्खननात निघाल्या. ब्लूमबर्ग कंपनीच्या नव्या इमारतीचा पाया घालायच्या आधी ती जागा खणली गेली. पाट्या प्रामुख्याने सिल्व्हर फर या झाडाच्या लाकडाच्या आहेत, आणि हे झाड ब्रिटनमध्ये मुळात उगवतच नव्हते. ते आले युरोपच्या मुख्य भूमीवरून, पिंपांच्या रूपात. पिंप रिकामे झाले की त्याच्या फळ्या कापायच्या, एका बाजूने उथळ खोलगट खण कोरायचा आणि त्यात काजळी घातलेले काळे मेण ओतायचे. लिहायला लोखंडी लेखणी. तिचे एक टोक अणकुचीदार, दुसरे चपटे. चपट्या टोकाने मेण सारखे केले की पाटी पुन्हा कोरी. व्यवहाराचा मजकूर असेल तर पाट्या तोंडाला तोंड लावून दोऱ्याने बांधायच्या.

लाकूड दोन हजार वर्षे टिकले ते वॉलब्रुक नावाच्या ओढ्यामुळे. त्याच्या काठची सखल जमीन उंच करण्यासाठी रोमनांनी तिथे माती आणि गावचा कचरा टाकून भराव घातला. हा भराव कायम पाण्याने भिजलेला राहिला. आत ऑक्सिजन पोचला नाही, त्यामुळे लाकूड खाणाऱ्या बुरशीचे काही चालले नाही. ज्या भरावात पाट्या टिकल्या, त्यातच एक मोठी मर्यादाही आहे. पाटी जिथे सापडली तिथेच ती लिहिली गेली, असे म्हणता येत नाही. कचरा गावभरातून येत होता.

खरा धोका पाटी वर आल्यावर सुरू होतो. इतक्या काळात लाकडाच्या पेशींच्या भिंती पोखरल्या जातात आणि पाटीचा आकार फक्त आतल्या पाण्याने तोलून धरलेला असतो. ती उन्हावाऱ्यात सुकू दिली तर पेशी आत कोसळतात, पाटी आक्रसते, वाकडी होते, तडकते आणि अक्षरे कायमची जातात. म्हणून पाट्या पाण्यातच ठेवतात. मग पॉलिएथिलीन ग्लायकॉल या मेणासारख्या, पाण्यात विरघळणाऱ्या पदार्थाच्या द्रावणात भिजवून त्या पदार्थाला पाण्याची जागा घेऊ देतात. शेवटी पाटी गोठवून निर्वातात ठेवतात. त्यात बर्फाचे पाणी न होता थेट वाफ होते आणि लाकडाला ओढ बसत नाही.

वाचन हे त्याहून चिवट काम. मेण केव्हाच गेलेले असते. वहीत बॉलपेन जोरात दाबून लिहिले की खालच्या पानावर वळ उठतात, तसे लेखणी मेणाच्या आरपार गेली तिथेच लाकडावर ओरखडा राहतो. हलक्या हाताने लिहिणाऱ्याचे काहीच उरत नाही. पाटी अनेकदा वापरलेली असेल तर जुन्या-नव्या मजकुरांचे ओरखडे एकमेकांवर चढलेले असतात, आणि त्यांत लाकडाच्या नैसर्गिक रेषा मिसळतात. उपाय असा की पाटीवर अगदी तिरपा प्रकाश पाडायचा, दिशा बदलून फोटो घ्यायचे आणि ते संगणकावर एकत्र करायचे. उथळ ओरखड्याचीही सावली पडते. रोमन हस्ताक्षरांचे अभ्यासक रॉजर टॉमलिन यांनी अशा रीतीने ऐंशीहून अधिक पाट्या वाचल्या. प्राचीन लिपींच्या अभ्यासात इतके संयमाचे काम क्वचितच झाले असेल.

माझ्या मते या संचातली सर्वांत मोलाची पाटी २१ ऑक्टोबर ६२ ची आहे. ६० किंवा ६१ साली रोमनांविरुद्ध उठलेल्या बुडिका राणीच्या बंडखोरांनी लंडन आणि वेरुलामियम, म्हणजे आजचे सेंट ऑल्बन्स, ही दोन्ही गावे जाळली होती. आणि या पाटीवर करार आहे तो याच दोन गावांमधल्या मालवाहतुकीचा. मार्कस रेनियस व्हेनुस्टस लिहून देतो की गायस व्हॅलेरियस प्रोकुलसने वेरुलामियमहून धान्यसामग्रीच्या २० खेपा १३ नोव्हेंबरपर्यंत आणायच्या, भाडे खेपेला पाव देनारियस. एकूण भाडे झाले ५ देनारी. दोन गावे बेचिराख होऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती, आणि मुदत घालून, दर ठरवून वाहतूक चालू होती. इतिहासकारांच्या ग्रंथांत बंडाची कत्तल येते. गाव पुन्हा कसे उभे राहिले ते या पाटीत दिसते.

पाट्यांच्या बाहेरच्या अंगावर पत्ते आहेत. एक पत्र 'लंडनमध्ये, मोगोंटियसला' द्यायचे आहे. लंडन हे नाव लिहिलेले सापडते त्यांतला हा सर्वांत जुना उल्लेख. दुसरे टर्टियस या बिअर बनवणाऱ्याला. तिसरे पिंपे बनवणाऱ्या युनियसला, कॅटुलसच्या घरासमोर. घरक्रमांक नव्हते, धंदा आणि समोरचे घर सांगितले की पत्र पोचत असे. आणि ४३ ते ५३ दरम्यानच्या एका पत्रात लिहिणारा आपल्या माणसाला बजावतो की, तुम्ही त्यांना कर्ज दिल्याचे ते बाजारभर मिरवत सांगताहेत, तेव्हा आपली पत सांभाळा. जेमतेम दहा वर्षांच्या वस्तीत बाजार होता, सावकारी होती आणि लोक काय म्हणतील याची धास्तीही होती.